पडदा आपोआप पडतो

२८ एप्रिल २०१९, रविवार. दुपारचे दोन.
ही डायरी किशोरनं देल्ली. बियाण्याच्या कंपनीची आहे, पानापानावर कपाशीचं हिरवंगार झाड. असं झाड चार वर्षांत मी वावरात पाह्यलं नाही. पोरगं म्हणे, "आई, पडदा कधी चुकून वर जाते, कधी चुकून खाली येते, टाइमासकट लिहून ठेव. मले प्रोग्राम दुरुस्त कराले कामी पडते." मी चौथी पास. लिहीन. पण दाखवीन नाही. त्याच्या कामाचं तेवढं तोंडी सांगीन.
तं लिहिते. आज दुपारी सव्वा वाजता पडदा आपोआप पडला. गुलनार समोरून बोलत होती. अर्ध्या वाक्यावर तिच्या तोंडावर सर्रकन खाली. मी काही केलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
टीव्हीवाला सांगून राहिला, अकोला सत्तेचाळीस डिग्री. असा सांगते जसं त्यानंच बक्षीस देल्लं.
किशोर चौकात मोटारी रिवाइंड करते. म्हणजे करत होता. औंदा बोअर आटले, विहिरी आटल्या. पाणी नाही तं मोटार चालन कशी, चालली नाही तं जळन कशी, जळली नाही तं किशोरच्या दुकानात आणन कोण? तीन महिने रिकामा बसला, मोबाइलवर व्हिडिओ पाह्यले अन् हा पडदा बनवला. वर नळी, नळीत मोटार अन् बॅटरी, नळीले गुंडाळलेलं कापड. खिडकीच्या कोपऱ्यात उजेड मोजाचा डोळा. ना वायर, ना दोरी. रिमोटनं चालते, मोबाइलनं चालते, अन् ऊन वाढलं का स्वतःच्या अकलेनं पडते. म्हणे डॉक्टर लोकायले विकीन. नमुना म्हणून माह्या खिडकीले लावला. घरात चार खिडक्या आहेत. माहीच दिसली.
माह्या खिडकीसमोर, बोळीच्या पलीकडं, गुलनारची खिडकी. दहा पावलं. त्यायचा गादी-रजईचा कारखाना. तिचा मालक होता तवा तो चालवे, आता मोसीन चालवते, तिचा पोरगा. एक्केचाळीस वर्षं झाले, दुपारी सयपाक आटोपला का ती तिकडं गादीले टाके घालते, मी इकडं तूर निवडते, अन् आमी बोलतो. काय बोलतो ते कोणी इचारलं तं मले सांगता येत नाही. पण दोन वाजेलोक पुरते.
आजही काहीबाही सांगत होती. पुरं ऐकू नाही आलं. पडदा पडला ना.

२९ एप्रिल, दुपारी दीड.
पडदा वर. समोरची खिडकी बंद. सून पाण्याच्या टँकरवर गेली होती, तिथून खबर घेऊन आली. गुलनार म्हणत होती म्हणे, "सुंदरानं माह्या तोंडावर पडदा पाडला."
मी पाडला? मशीननं पाडला! बोळीत कोणाच्या तोंडावर दार लोटलं तं ते शिवीपेक्षा वाईट, हे मले शिकवाची गरज आहे काय? या बोळीत मी लग्न होऊन आली तवा तिच्या पायात पैंजण होते. रिमोट मांडीवर होता, हे खरं. मांडीवर तं तुरीचं सूपही होतं.
ठरवलं: आपण होऊन बोलाचं नाही. तिची चूक, ती येईन. दोन दिवस. तिले करमत नाही माह्याबिगर.

२ मे, सकाळी.
आली नाही. तिलेच जड जात असन.
किशोरले सांगतलं, पडदा आपोआप पडते, पाहून घे. त्यानं उजेडाचा डोळा बदलला. म्हणे, "आई, डोळा चांगला होता." म्हणलं, मंग मोटारीत बिघाड. मोटार खोलली. मोटारीतही नाही. म्हणलं, मंग त्या चिपमधी. म्हणे, "चिप माहीच बनवलेली, त्यात कायचा बिघाड?" पाहा! माणसाले आपली चूक मानता येत नाही, हा या घरातला जुना रोग. बापावर गेला.

३ मे, दुपारी.
सुनेनं भाजी चिरता चिरता सांगतलं, गुलनारचाची ईद झाली का अमरावतीले जाऊन राहिल्या. कायमच्या. लोकायच्या हाती पैसा नाही, लग्नात रेडिमेड फोमच्या गाद्या देतेत, रुईची गादी कोणी भरत नाही. मोसीनले तिथं फर्निचरच्या शोरूममधी काम भेटलं. कारखाना बंद.
माह्याकडं पाहून राहिली, मी काय म्हणते म्हणून. मी म्हणलं, मले माहीत आहे. तिनं मले सांगतलं होतं. अर्धं. अर्धं झालं अन् पडदा पडला. अर्ध्यात मले सगळं समजलं होतं, बाकीचं ऐकाची गरज नव्हती.
भाजीत मीठ जास्त. तेही मीच सांगावं लागलं.

त्याच दिवशी, पाच वाजता.
ईदले महिना आहे. महिना म्हणजे लय झाला. तवापर्यंत मशीनचा दोष साबित करते, तिले दाखवते, ती म्हणन 'चुकलं माहं सुंदरा', अन् मी म्हणीन 'जाऊ दे'. साधी गोष्ट. तिकडं जाऊन माफी मांगाचा प्रश्नच येत नाही. ज्यानं केलं नाही त्यानं कायची मांगावी?

७ मे, दुपारी.
रोजे सुरू झाले. एक्केचाळीस वर्षांत रोज्यात मी खिडकीत बसून चहा पेली नाही. तिकडं ती उपाशी टाके घालते अन् इकडं आपण घुटके घ्याचे, बरं दिसत नाही. ते सगळं आता कायले? पडदा खाली केला अन् बशीत चहा ओतून पेली. मजेत. एक कप, मंग अजून एक. चार झाले.
रिमोटच्या खालच्या बटनानं खाली जाते. हे शिकली. चांगलं चालते मशीन.

सात वाजता.
छातीत जळजळ. सुनेनं चहापत्ती बदलली असन.

१२ मे, रविवार.
आज डोळ्याचे डॉक्टर पडदा पाहाले आले. दवाखान्यात अकरा खिडक्या आहेत म्हणे. किशोरनं सकाळपासून नवा शर्ट घातला. मोबाइलवर बोट फिरवलं, पडदा वर. फिरवलं, खाली. अर्ध्यात थांब म्हणलं तं अर्ध्यात थांबला. डॉक्टर खुश. मंग मले इचारते, "आजी, तुम्हाला कसा वाटतो? त्रास नाही ना?"
आता खोटं बोलाव काय डॉक्टरसमोर? समोर गुलनारची सून रजया वाळू घालत होती, तिचे कान इकडंच. मी मोठ्यानं म्हणलं, "आपोआप पडते! माणूस बोलून राहते अन् हा पडते!" दोनदा म्हणलं. बोळभर ऐकू गेलं पाह्यजे म्हणून.
डॉक्टर "पाहतो, कळवतो" म्हणून गेले. किशोरनं शर्ट काढून खुंटीले टांगला. मी काय करू? मी खरं तेच बोलली.
गुलनारची सून आत जाऊन सांगनच. उद्या खिडकी उघडते पाहा.

१३ मे.
उघडली नाही.

१५ मे.
किशोर अजून बिघाड शोधून राहिला. म्हणे शेजारच्या टीव्हीच्या रिमोटनं पडत असन. मंग म्हणे उंदरानं बटन दाबलं असन. तिसऱ्या वेळी म्हणे आई, तू तं नाही? मी अशी पाह्यली त्याच्याकडं, का मुकाट्यानं उंदराचा पिंजरा लावला.

१९ मे, रविवार. लिहाले हात चालत नाही पण लिहिते.
प्लॅन माहाच होता अन् चांगला होता. किशोरले म्हणलं, ग्राहकाले टाइमवर पडदा पाडून दाखवता येते काय? म्हणे हाव, मोबाइलमधी टाइम टाकला का वायफायवरून हुकूम जाते. म्हणलं, टाक मंग, दुपारी सव्वा वाजता.
एक वाजून दहा मिनिटांनी मी खिडकीत उभी राहिली. रिमोट आत टेबलावर, दूर. दोनी हात वर केले, पंजे उघडे. गुलनारले दिसलं पाह्यजे का सुंदराचे हात रिकामे आहेत अन् पडदा आपल्या मनानं पडून राहिला. ती समोरच बसली होती, टाके घालत. नशिबानं खिडकी उघडी.
सव्वा वाजला. पडदा नाही पडला. एक वीस. नाही. एक पंचवीस. खांदे भरून आले. खाली देवमनचं किराणा दुकान, तो मान वर करून ओरडला, "काकू, कोणी लुटून राहिलं काय? पोलिसाले बलावू?" मी म्हणलं, तुह्या वजनकाट्याकडं पाहा, मले व्यायाम सांगतला डॉक्टरनं. चार पोट्टे जमले. एक जण माह्यासारखे हात करून उभा राहिला, मंग सगळेच.
गुलनारनं एकदा मान वर केली. पाह्यलं. सुईत दोरा ओवला.
दीड वाजता मी आत गेली. पाहते तं लाइट गेलेली. लाइट नाही तं वायफाय नाही, वायफाय नाही तं हुकूम नाही. किशोरनं हे आधी सांगाले पाह्यजे होतं का नाही? रागानं रिमोट उचलला, त्याची बॅटरी तरी जिवंत आहे काय पाहाले, अन् खिडकीत आली. तेवढ्यात लाइट आली. अन् राहून गेलेलं काम त्या मुडद्याले आठवलं. सर्रकन पडला. रिमोट माह्या हातात, गुलनारची नजर माह्या हातावर.
या वेळी तं खरंच मी दाबला नव्हता!

२० मे, सकाळी.
कालचं शेवटचं वाक्य खोडाव वाटलं. पण पेनाची शाई फुटते, राहू दे.

२० मे, दुपारी.
किशोर मोबाइल घेऊन आला. माह्यासमोर मांडी घालून बसला, मास्तर बसते तसा. म्हणे, "आई, हे पाहा. पडदा हलला का मोबाइल आपल्याआप लिहून ठेवते. कधी हलला अन् कायनं हलला. उजेडानं, टाइमानं का रिमोटनं." म्हणजे माहीच डायरी, फक्त त्याले चौथी पास व्हावं नाही लागलं.
बोट खाली सरकवलं. अठ्ठावीस एप्रिल. एक वाजून सतरा मिनिटं. खाली. रिमोट.
मी म्हणलं, उंदीर.
म्हणे, "रिमोट तुह्या मांडीवर होता, तूच सांगतलं. उंदीर मांडीवर होता?"
मी म्हणलं, मंग हे आधीच काहून नाही पाह्यलं, तीन आठवडे मोटारी खोलत बसला?
म्हणे, "आई म्हणते आपोआप पडला, तं आपोआप पडला असन. कोण पाहते?"
मंग उठला. जाता जाता सांगतलं, त्या डॉक्टरनं नागपूरच्या कंपनीचे पडदे घेतले. आवाज चढवला नाही. त्याचा बाप असता तं चढवला असता अन् मले बरं वाटलं असतं.

२१ मे.
मशीन खोटं लिहिते. माणसानं बनवलेलं आहे, खोटं लिहूच शकते. सतरा मिनिटं लिहून राहिलं. सव्वा वाजला होता, मी घड्याळ पाह्यलं होतं. जे दोन मिनिटांनी चुकते त्याच्यावर भरोसा कसा ठेवावा?

२६ मे.
समजा दाबलं असन. समजा. तं काहून दाबलं हे कोणी इचारलं काय? कोणी इचारून राहिलं नाही.

३० मे, दुपारी.
ठरवलं. ईदच्या दिवशी शिरखुर्मा घेऊन ती येईनच. एक्केचाळीस वर्षांत चुकली नाही. तिचा मालक गेला त्या सालीही आली होती. दारात उभी राहिली का मी म्हणीन, ये. बस. बाकी काही बोलावं लागत नाही. पडद्याचा विषय काढाची गरजच नाही.

५ जून, ईद.
शिरखुर्मा आला. मोसीन घेऊन आला. पाया पडला, "चाची, अम्मी सामान बांध रई" म्हणे. डबा ठेवला अन् गेला. शनिवारी सकाळी टेम्पो आहे.
मी हात लावला नाही. फेकून दे म्हणून सुनेले सांगतलं.

चार वाजता.
सुनेनं फेकला नव्हता. तिले सांगतलेलं एक काम धड होत नाही. अन्न वाया जाते म्हणून खाल्ला. दोन वाट्या. खोबरं जाड किसलं औंदा. घाईत असन.

७ जून.
उद्या टेम्पो. सकाळपासून खिडकीत बसली. पडदा वर ठेवला, रिमोट सुनेच्या खोलीत पाठवून देल्ला. समोर खिडकी बंद, आत ठोकठाक. एकदा खिडकी उघडली अन् मी उभी राहिली, तं मोसीन चौकटीतला कूलर काढून राहिला होता.
उद्या आपण जाव. माफी मांगाले नाही. मशीनबद्दल समजवाले. काय बोलाचं ते ठरवून ठेवलं: 'गुलनार, नवीन चीज आहे, हाताचा धक्का लागते अन् पडते.' चांगलं वाक्य आहे. दाबलं असंही नाही येत त्याच्यात अन् नाही दाबलं असंही नाही.

८ जून, शनिवार. दुपारी.
सकाळी आठले गेली. दहाच पावलं. कारखाना रिकामा, रुई पिंजाची मशीन भंगारवाल्यानं नेली, जमिनीवर तिचा चौकोन तेवढा काळा. गुलनार फरशीवर गादी गुंडाळत होती. वर पाह्यलं नाही. म्हणे, "आ गई? ते टोक धर." मी धरलं. तिनं दोरी घातली.
मी म्हणलं, "गुलनार, ती नवीन चीज आहे, हाताचा धक्का..."
"डब्बी तेरे हाथ में थी, सुंदरा. अंगूठा दबाती देखी मैं. मेरी आंख में मोतियाबिंद नईं आया अभी."
म्हणजे हिनं पाह्यलं होतं. पहिल्या दिवशी. मी तिकडं किशोरच्या मोटारी खोलवून राहिली, डॉक्टर पळवला, बोळीत हात वर करून उभी राहिली, अन् हिले सगळं माहीत!
म्हणलं, "मंग महिनाभर चूप काहून बसली?"
"तू बोलेगी करके."
मले असा राग आला. म्हणलं, "अन् तू काय केलं? एक्केचाळीस वर्षं इथं राह्यली, अन् 'मी अमरावतीले जाऊन राहिली' हे खिडकीतून सांगतलं? मी तूर निवडून राहिली होती! 'भेंडी महाग झाली अन् मी चालली', एका दमात! ही काय खिडकीतून सांगाची गोष्ट आहे? दारातून याचं होतं!"
दोरीची गाठ दातानं ओढून म्हणे, "दरवाजे से आती तो तू चाय रखती. चाय के बाद मेरे से बोलना नईं होता. और टोक सीधा पकड़, गादी टेढ़ी हो रई."
गादी टेढी नव्हतीच. तिचीच गाठ ढिली. मी सोडली अन् पुन्हा बांधली. तिनं माही सोडली अन् पुन्हा बांधली. तिसऱ्या गादीवर असंच. मोसीन हॉर्न वाजवून राहिला.
बाहेर टेम्पोत पुढं बसली. मी म्हणलं, "अमरावती काही लंडन नाही. दोन तासांची एसटी. दर आठ दिवसांनी येईन."
म्हणे, "हाव, येशील."
तशी म्हणाली का मले तिथंच दुसरं भांडण काढाव वाटलं. पण टेम्पो हलला.

१५ जून.
या आठवड्यात जाणं नाही झालं. पाणी सहा दिवसांनी येऊन राहिलं, नळाच्या दिवशी घर सोडता येत नाही.

२२ जून.
गुडघा.

२४ जून, सोमवार.
सकाळी किशोरले म्हणलं, हा पडदा काढ. मले दिसला का डोकं फिरते. म्हणे, "आई, भिंतीले भोकं दिसतीन." म्हणलं, दिसू दे. त्यानं स्टूल घेतलं, स्क्रू काढले, नळी, मोटार, डोळा, सगळं काढून पेपरात गुंडाळलं. अर्धा दिवस गेला. त्याच्याकडं दुसरं काम नाही तसंही.
दुपारी खिडकीत बसली. समोर तिच्या खिडकीवर आता लोखंडी शटर, कुलूप. शटरवर ऊन पडते अन् सरळ माह्या डोळ्यात येते. पहिले तिची खिडकी होती, तवा इतकं ऊन येत नव्हतं का मी पाहत नव्हती, कोणास ठाऊक. तूर निवडाले गेली तं दाण्यातला खडा दिसेना. सूप आत नेऊन ठेवलं.
पाच वाजता किशोरले म्हणलं, लाव परत.
त्यानं कपाळाले हात लावला. पण लावला. स्टूल, स्क्रू, नळी, डोळा. मंग मोबाइल काढून इचारते, "टाइम कोणता टाकू? किती वाजता वर, किती वाजता खाली?"
म्हणलं, "टाइम नको टाकू. खालीच राहू दे."
म्हणे, "दिवसभर?"
म्हणलं, हाव.
म्हणे, "आई, मंग याले मोटार कायले पाह्यजे होती?"